अळणी पातेलं

डाव्या तळहाताच्या खोलगट भागात आमटीचे चार थेंब घ्यायचे, हात ओठांशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि क्षणभर श्वास धरून उभं राहायचं. तेवढा वेळ भोवतीच्या सगळ्या बायका गप्प. मग डोळे उघडून ते म्हणत, "जाऊंदे वर."

वर म्हणजे वॉर्डांत. परळच्या ज्या रुग्णालयात मी तीन वर्षांपूर्वी आहारतज्ज्ञ म्हणून लागले, त्याचं स्वयंपाकघर तळघरात आहे. दोन्ही वेळा तिथून तीनशेच्या आसपास ताटं सामानाच्या लिफ्टने वर जातात. ते तिथले मुख्य आचारी होते. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. मीही इथे मामाच म्हणेन.

तुम्ही कधी आजारी माणसाच्या उशाशी बसला असाल तर ते ताट पाहिलं असेल. स्टीलचं, कप्प्यांचं, वर घट्ट झाकण. झाकण उचलून, फिकट आमटी आणि दुधी भोपळा बघून तुम्ही ते पुन्हा ठेवलं असेल आणि खाली जाऊन माणसासाठी वडापाव आणला असेल. माझ्या आजोबांच्या वेळी आम्ही घरच्यांनी तेच केलं होतं. तेव्हा मला हा विषय शिकायचा आहे हे ठरायचं होतं.

पहिल्या दिवशी मी खाली गेले ती हातात तक्ते घेऊन. कोणत्या वॉर्डात किती ताटं, कुठे साखर नाही, कुठे मीठ नाही, कुठे सगळं पातळ. मी माटुंग्याची, शाळा इंग्रजी, घरात मराठी बोलतो पण भांडतो इंग्रजीत. अनोळखी माणसांपुढे माझं मराठी जास्तच शुद्ध होतं. मी तक्ता वाचून दाखवला. मामांनी ऐकून घेतलं, हातातला झारा पातेल्याच्या काठावर ठोकला आणि म्हणाले, "बाय, बातम्या संपल्या? आता बस आणि चाय घे."

बायका हसल्या. मी लाल झाले. चहा मात्र घेतला.

त्यांचं लहानपण लालबागला गेलं. वडील गिरणीत, आई घरी खानावळ चालवायची, पंधरा-वीस गिरणी कामगार दोन पाळ्यांत जेवायला. तिथे आईच्या शेजारी उभं राहून ते शिकले. पाळीवरून आलेल्या माणसाला भाताचा डोंगर लागायचा, सोबत सुकटीची चटणी, नाहीतर खारा बांगडा. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाचं ते जेवण होतं. गिरण्या गेल्या, घाम गेला, जेवण तेवढंच राहिलं. हे मी म्हणते आहे. मामा म्हणत, "आमच्या चाळीत आता सगळे बसान काम करतत आणि उभ्या माणसाचा जेवतत. मग वर तुमच्याकडे येतत."

ही समज त्यांना होती. तीच गोष्ट मला अजून सुटत नाही.

मामांची खरी करामत म्हणजे अळणी आमटी. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या वॉर्डांना मीठ नसलेलं जेवण जातं. बाकीचे आचारी ते जेवण म्हणजे नेहमीचंच, फक्त मीठ वगळून, असं करतात. मामांना ते पटत नसे. ते म्हणत, "मीठ काढला की माणूस रुसता. त्याची समजूत काढूक होयी." मग समजूत काढायला जिरं भाजून भरडायचं, लसूण अगदी थोड्या तेलात तांबूस करायची, कोथिंबिरीचे देठ ठेचून घालायचे, शेवटी आमसुलाचं पाणी. त्यांच्या अळणी आमटीला मीठ नाही हे पहिल्या दोन घासांत कळायचंच नाही. तिसऱ्या घासाला कळे, पण तोवर माणूस जेवायला लागलेला असे.

ताटं परत आली की मामा ती बघत. नुसती नजर टाकत नसत, एकेक झाकण उचलत. सात नंबरच्या खाटेने भोपळा परत केला, अकराने पोळीचा फक्त मधला भाग खाल्ला म्हणजे दात दुखतोय, तेवीसचं ताट जसंच्या तसं आहे. एकदा ते असं तेवीसचं ताट घेऊन जिन्याने वर गेले. मी मागे. खाटेवर पन्नाशीचे गृहस्थ, उशीखाली लोणच्याची बरणी. मामांनी न विचारता हात घालून ती बाहेर काढली.

"ह्या काय?"

"एवढंसं हो मामा. एक दिवस खाल्लं तर काय होतं?"

"काय होता? डॉक्टर तुमका तीन लिटर पाणी काढूची गोळी देतत, ह्या लोणचा चार लिटर परत भरता. मी खाली तुमच्यासाठी आमसुलां भिजवत बसलंय, आणि तुम्ही हय बरणी घेवन झोपलास."

ते गृहस्थ म्हणाले, "बायकोने आणली." बायको म्हणाली, "मी नाही, भावजयीने." मामांनी बरणी बायकोच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काय ता बोल. तुझा काम आसा ह्या." मी तोंड उघडलं, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. मला अजूनही मोठ्या माणसांना दटावता येत नाही. 

आता त्यांच्या स्वतःच्या जेवणाविषयी. वरचं शेवटचं ताट जाईपर्यंत ते काही खात नसत. आईची शिकवण, जेवणाऱ्याच्या आधी रांधणाऱ्याने जेवायचं नाही. पण मधुमेहाची गोळी सकाळी सहाला घेऊन झालेली असे. त्यामुळे अकराच्या सुमारास हात थरथरू लागत, घाम फुटे, मग ते साखरेच्या डब्यात हात घालून मूठभर साखर तोंडात टाकत. अडीच वाजता पिंपावर ताट ठेवून बसत. भाताचा ढीग, आणि घरून कागदात गुंडाळून आणलेला खारा बांगडा गॅसच्या आचेवर भाजून. त्याच्यावर मिठाचे कण चमकत असायचे. तो वास लिफ्टमधून वर जाई आणि पहिल्या मजल्यावरची सिस्टर फोन करून ओरडे.

"मामा, हे तुम्हाला चालत नाही," मी एकदा धीर करून म्हणाले.

"मी पेशंट नाय गो बाय. मी आचारी आसंय."

हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की बायका त्यांच्या आधीच म्हणून टाकत. सगळे हसत. मीही.

आता ते दोन पातेल्यांचं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. डाळ एकाच मोठ्या टोपात शिजायची. मग ती दोन सारख्या पातेल्यांत वाटली जायची. एकात मीठ, एक अळणी. गर्दीच्या वेळी शेगड्या लागतील तशी पातेली हलत, इकडचं तिकडे होई. ताटं भरण्याआधी मामा दोन्ही चाखत आणि बोट दाखवत, हे अळणी, ते नेहमीचं. एवढीच पद्धत. ताटं लावणाऱ्या बायकांत रोज कोणाचा ना कोणाचा उपास, त्यामुळे चाखणं हे मामांचंच काम. आमच्या आहार विभागाच्या मुख्य बाईंनी एकदा अळणी पातेल्याच्या कडीला लाल फीत बांधायला सांगितली. मामांनी ती सोडली, नीट घडी घालून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाले, "देवान जीभ कित्याक दिल्यान?" सव्वीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. बाईंनी फीत खणात टाकली.

गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी बायका वर गेल्या होत्या. मामांनी मला हाक मारून समोरच्या खोक्यावर बसवलं, आपला पाय दुसऱ्या खोक्यावर ठेवला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"बघ. कणकेसारखा झालाहा." ते हसत होते. माझ्या चेहऱ्याकडे मात्र बघत होते. "उभा रवान रवान होता काय गो असा?"

त्या खळग्याला काय म्हणतात ते मला माहीत होतं. त्याचं चित्र असलेलं पुस्तकाचं पान मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मी म्हणाले, "हो मामा, उभं राहून होतं असं. पाय वर घेऊन बसत जा."

का म्हणाले? मी खूपदा विचार केला आहे. मोठ्या माणसाशी त्याच्या शरीराबद्दल बोलायला मला मराठी सुचत नाही, असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर मला भीती वाटली. स्वयंपाकघर बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं अशी कुजबुज वर्षभर चालली होती. मामा आहेत तोवर नको, असं सगळे म्हणत. मी बोलले असते तर त्यांना वर तपासणीला जावं लागलं असतं, आणि वर गेलेला माणूस खाली परत येईलच असं नसतं. म्हणून मी त्यांना पाय वर घ्यायला सांगितलं.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी डाव्या हातावर थेंब घेतले, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "बाय, जरा बघ गो. आज सर्दी झालीहा."

मी चाखलं. डावीकडचं अळणी होतं. तसं सांगितलं. "होय, माका वाटलाच," ते म्हणाले आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जाऊंदे वर."

दुसऱ्या दिवशीही सर्दी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी सर्दीचं नाव घेतलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही पातेल्यांत चमचा घातला आणि डोळ्यांनीच दाखवलं. असे तीन महिने गेले. मी वेळेआधी येऊ लागले. बायकांना वाटे, बाई शिकतेय. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता. ज्या माणसाने कोणालाही पातेल्याजवळ येऊ दिलं नव्हतं त्याने मला जवळ घेतलं होतं. शाळेत, कॉलेजात, कुठेच कोणाला माझी अशी गरज पडली नव्हती.

त्या तीन महिन्यांत मी काय काय पाहिलं ते सांगते. ते झाऱ्याच्या दांड्याने हात खाजवत. चहा अर्धा ठेवत, लोखंड चाटल्यासारखा लागतो म्हणत. बांगडा आणणं त्यांनी थांबवलं नाही, उलट त्यावर वरून मीठ चोळायला लागले. "आताशा चांगलो बांगडो येना नाय बाजारात," असं म्हणत. कारण नसताना दम लागे. मी सगळं पाहत होते आणि माझ्या मनात यादी तयार होत होती, परीक्षेच्या उत्तरासारखी, आकडे घातलेली. उत्तर मला येत होतं. मी ते कोणालाही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत चुलत बहिणीचं लग्न होतं, नाशिकला. मी तीन दिवसांची रजा टाकली. निघताना मामांना म्हटलं, "मामा, तीन दिवस फीत बांधू या का पातेल्याला?"

"गपचूप लग्नाक जा. लाडू खावन ये," ते म्हणाले.

परत आले त्या सकाळी हृदयाच्या वॉर्डात गेले. चौदा नंबरच्या खाटेवर कॉटन ग्रीनच्या एक आजी होत्या. हृदय फार अशक्त, पण दोन दिवसांत घरी जाणार असं ठरलेलं. खाट रिकामी होती. आदल्या संध्याकाळी त्यांना एकदम धाप लागली, अंगावर सूज आली, खाली अतिदक्षता विभागात नेलं, असं सिस्टर म्हणाली. मग सहज बोलून गेली, "आणि जेवत छान होत्या गं. दोन दिवस आमटी मागून घेत होत्या."

मी तळघरात गेले. नियम असा आहे की रोजच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवायची, काही झालं तर तपासता यावी म्हणून. बायका ती ताटांच्या रांगेतूनच काढतात आणि वर चिठ्ठी लावतात. कालच्या अळणी आमटीची वाटी काढली. गार, वर साय आल्यासारखी. बोट बुडवून चाखलं.

खारट होती. नेहमीच्या आमटीइतकी, नीट, चवदार खारट.

मामा मागे उभे होते. मी वळले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. वाटी माझ्या हातातून घेतली, स्वतः चाखली, पुन्हा चाखली. मग ओठ पुसत म्हणाले, "सांग."

"मामा, मीठ आहे."

ते पिंपावर बसले. चौदा नंबरचं मी सांगितलं. हृदय इतकं अशक्त होतं की हे कधीही होऊ शकलं असतं, असं वॉर्डातले डॉक्टर सकाळी म्हणाले होते. तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही. मग उठले, कमरेचं फडकं सोडलं, घडी घातली आणि जिन्याने वर गेले. थेट प्रशासनाच्या कार्यालयात. तिथे काय म्हणाले ते मला नंतर तिथल्या शिपायाने सांगितलं. म्हणाले, "माझी जीभ गेली. तीन म्हयने झाले. मी लपवलंय." माझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

आजी सहा दिवसांनी वॉर्डात परत आल्या. मामा त्यांना भेटायला गेले, मी दाराशी थांबले. ते खाटेजवळ हात जोडून उभे राहिले. काय बोलायचं ठरवलं होतं कोण जाणे. आजींनी त्यांना निरखलं.

"तुम्हीच का ते स्वयंपाकवाले?"

"होय."

"अहो, त्या दोन दिवसांची आमटी काय झाली होती! आता पुन्हा आपलं ते पाणी. तसली एकदा करा की परत."

मामा वळून निघाले ते माझ्या अंगावरून गेले, तरी मी तिथे आहे हे त्यांना दिसलं नाही.

त्यांचं रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. मूत्रपिंडं जवळजवळ संपली होती. अंगातली घाण बाहेर जात नाही, ती रक्तात साठते, आणि सगळ्यात आधी माणसाच्या तोंडाची चव नेते. वर्षभर आधी कळलं असतं तर बरंच काही थोपवता आलं असतं, असं डॉक्टर मला म्हणाले, एका सहकारी मुलीला सांगावं तसं. मी "हो सर" म्हणाले.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्यांच्या जेवणाचा कागद मीच लिहिला, दुसऱ्या कोणाकडे द्यायचा मला धीर झाला नाही. मीठ नाही. पाणी मोजून. डाळ मोजून. भाजी चिरून उकळायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. केळं नाही, नारळपाणी नाही, टोमॅटो नाही, सुकी मासळी नाही. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"आणि खावचा काय?"

भेटायला आलेल्या स्वयंपाकघरातल्या बायका नेहमीच्या सवयीने हसल्या. मामा हसले नाहीत.

तळघर मार्चमध्ये ठेकेदाराकडे गेलं. डायलिसिसच्या खाटेवर मामांना जे ताट येई ते त्यांनी एकदाही पूर्ण केलं नाही. मी झाकण उचलून बघत असे. भात मधोमध जरा उकरलेला, बाकी तसंच. "चव नाय तर घास गिळूचो कसो?" ते म्हणत. "दगड खाल्ल्यासारखा होता." वजन उतरत गेलं. एक दिवस मामींनी मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की घरी ते मिठाचा खडा तोंडात ठेवून बसतात, तेवढंच काहीतरी जाणवतं म्हणून. मी मामांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. मी समजावलं, या वेळी पूर्ण, न थांबता, न घाबरता. सगळं शास्त्र सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "चांगला बोलतंस आता."

मे महिन्यात ते लागोपाठ दोनदा डायलिसिसला आले नाहीत. रविवारी दुपारी मी भोईवाड्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या घरी मी त्याआधी कधी गेले नव्हते. चाळीचा दुसरा मजला, एक खोली, खिडकीशी खाट. मामा उशीला टेकून बसले होते. चेहरा सुजलेला, हात काटकुळे. रात्री जेवायला लेक-जावई येणार होते, म्हणून मामी काळ्या वाटाण्याचं सांबारं करत होत्या. भाजलेल्या खोबऱ्याचा वास खोलीभर होता.

"येतलंस असा वाटलाच," मामा म्हणाले.

मी डायलिसिसबद्दल बोलायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ता रवांदे. एक खरा सांग. तुका कधी कळला?"

मला खोटं बोलता आलं असतं. रक्त तपासलं तेव्हा, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "गणपतीत. पाय दाखवलेत तेव्हा."

मामींचा सांबारं ढवळणारा हात थांबला.

मामांनी पायांकडे बघितलं. "माका पण वाटला होता," ते म्हणाले. "इतकी वर्षां ह्या वॉर्डांची ताटां भरलंय, पाय सुजतत ते कोणाचे माका ठावक नाय? म्हणान तर तुका दाखवलंय. म्हटलंय, शिकलेला चेडू आसा, रोज समोर रवता. काय असता तर बोलात. तू म्हटलंस, उभा रवान होता." त्यांनी घोट्यावरून हात फिरवला. "माका इतका बरा वाटला त्या दिवशी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला काहीतरी उत्तर दिलं असतं.

मी "मामा, मला माफ करा" असं काहीतरी म्हणाले असेन. मामी मध्येच म्हणाल्या, "ह्यांनीच कोणाचं ऐकलं असतं का हो? मी वीस वर्षं बांगड्यावरून भांडतेय." मला वाचवण्यासाठी म्हणाल्या असतील. मामा म्हणाले, "आयकलंय असतंय. हिचा आयकलंय असतंय."

त्यानंतर चार दिवसांनी, गुरुवारी, ते गेले. डायलिसिसला ते शेवटपर्यंत आले नाहीत. ते स्वयंपाकघर आता ठेकेदाराचे लोक चालवतात, सगळं मोजून, वेळेवर, स्वच्छ. चूक होत नाही. ताटं परत येतात ती कोणी बघत नाही.

पण माझ्या डोळ्यांपुढे जे राहतं ते त्या रविवारचंच. मी उठायला निघाले तर त्यांनी मामींना सांगितलं, "तिका वाढ." मी नको म्हणत होते. मामींनी वाटीभर सांबारं आणि वडा माझ्यापुढे ठेवला. मामांसाठी वेगळ्या पातेलीत उकळून पाणी काढलेला पांढरा दुधी झाकून ठेवला होता, तो त्यांनी मागितला नाही. त्यांनी डोळे मिटले.

"खा. आणि माका सांग, कसा लागता."

मी घास घेतला. म्हणाले, "आधी खोबरं लागतं. भाजलेलं, जरा कडेला जळकं."

"होय. ही जरा जाळताच."

"मग वाटाणा. दाताखाली फुटतो, साल वेगळी येते. आतून पिठूळ."

"हां."

"मग तिखट. जिभेवर नाही, मागे, घशाशी. उशिरा कळतं."

त्यांचे ओठ किंचित हलत होते, चावल्यासारखे. मी इतकं मराठी एका दमात कधीच बोलले नव्हते. वाटलं, असंच बोलत राहावं, संध्याकाळ होईपर्यंत.

"आणि मीठ?" त्यांनी विचारलं.

"मीठ बरोबर आहे, मामा."

"बरोबर ता म्हायत आसा. ही कधी चुकना नाय. पण लागता कसा? मीठ कसा लागता ता सांग."

मी तोंडातला घास तसाच धरून विचार करू लागले. खारट, हे म्हणून उपयोग नव्हता. मामी पदराला हात पुसत माझ्याकडे बघत होत्या. आणि मामा डोळे मिटून, मान जराशी पुढे काढून, ऐकायला थांबले होते.